वंदूच्या मापाची फळी

आमच्या पिंप्राळ्याच्या घरात जिन्याखालच्या छताला दोन लोखंडी कड्या आहेत. घर बांधताना मी गवंड्याकडून हट्टाने बसवून घेतल्या होत्या. वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दिवाळीत एखादा आकाशकंदील लटकतो, तेवढंच. पण चैत्र सरत आला, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेनासं झालं, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरू लागला, की माझी मान आपोआप वर जाते. आखाजी आली.

उरलेल्या महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींमुळे कळते. आम्हा खानदेशातल्या बायकांना ती झोक्यामुळे कळते. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे, असा आमचा हिशेब. मांडे आणि आमरस, गौराई, दारातल्या निंबाला बांधलेला दोर, आणि कोणीही ‘कामं पडली आहेत’ म्हणणार नाही असे दोन-चार दिवस. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर भरायची. एकीकडे झोका, दुसरीकडे घागर. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. इकडे पोरी खिदळताहेत आणि तिकडे आई पितरांच्या नावाने डोळे पुसते आहे. आता वाटत नाही.

यंदा कड्यांना दोर बांधायचा की नाही, हे मी शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं.

वंदू माझी धाकटी बहीण. आम्ही अमळनेरजवळच्या एका खेड्यातल्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे घरात बाकी कशाची चणचण असली तरी कापसाची नव्हती. गाद्या, उशा, वाती, सगळं घरचं. आणि वंदूच्या बुटात कापूस. कारण बूट माझे असत. माझ्या पायाला घट्ट झाले की तिच्याकडे जात, आणि तिच्या पायाला ते मोठे म्हणून आई टोकात कापसाचे बोळे कोंबून देई. फ्रॉकचंही तसंच. माझाच फ्रॉक मुळात वाढत्या अंगाचा शिवलेला. मी त्यात वाढून होईपर्यंत त्याचा रंग उडायचा, मग तो खालून टीप घालून वंदूला मिळायचा. आमच्याकडे शिंपी माप घेऊन झालं की आईकडे बघायचा, आणि आई न बोलता हाताची चार बोटं दाखवायची. म्हणजे एवढं वाढव. अंगाच्या मापाचं कापड अंगावर घालणं ही चैन होती, आणि चैनीला आमच्याकडे उधळेपणा म्हणत.

वंदूची कुरकुर नव्हती. फार तर बूट वाजवत चालायची. कापूस दबून सपाट झाला की टाच सुटायची आणि फटक् फटक् आवाज यायचा. त्या आवाजावरून आई स्वयंपाकघरात बसून सांगायची, ‘उनी मनी धाकली.’ आली माझी धाकटी.

झोक्यावर मात्र ती माझं काहीच देणं लागत नव्हती. निंबाच्या झोक्याला अरुंद फळी. दोघी समोरासमोर उभ्या राहिलो की प्रत्येकीला एक पाय पुढे आणि एक मागे ठेवावा लागे. ती अनवाणी चढायची, गुडघे वाकवायची, खालचा ओठ दातात धरायची आणि असा काही हेलकावा द्यायची की मी दोन्ही हातांनी दोराला चिकटायची. मी ‘बस, बस’ ओरडायची. ती नाही ओरडायची. पडली तरी हसत उठायची, गुडघ्यावर माती दाबायची आणि पुन्हा चढायची.

पुढे तिचं लग्न धुळ्याला झालं. नितीनभाऊ, तिचे यजमान, संगणकातले इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं काढून दोघं लेकीला घेऊन थेट कॅनडात गेले, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शहरात. आई गेली, वडील गेले, तेव्हापासून वंदूचं माहेर म्हणजे माझं घर. ज्या वर्षी तिला यायला जमे, त्या वर्षी कड्यांना दोर लागायचा. नाही जमलं तर ती फोनवरून विचारायची, ‘अक्का, झोका बांधा का व?’ आणि मी खोटंच सांगायची, बांधला.

तिकडे गेल्यावर हिला बर्फाचं वेड लागेल असं कोणाला वाटलं होतं? आम्ही बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या रंध्याखाली. पण नितीनभाऊ ऑफिसातल्या लोकांबरोबर स्नोबोर्ड शिकले. लांब फळी, तिच्यावर बूट पट्ट्यांनी जखडायचे, एक खांदा पुढे करून आडवं उभं राहायचं आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. मी व्हिडिओ पाहिला तेव्हा म्हटलं, ‘यात काय शिकायचं? लोकं घसरू नये म्हणून जन्मभर काळजी घेतात.’ वंदू खो खो हसली. ‘अक्का, झोकाच शे हा. फक्त दोर नही शेत.’

नितीनभाऊंनी नवीन फळी घेतली तेव्हा जुनी तिला दिली. माणूस वाईट नाही, उलट कौतुकाने दिली. चांगली धडधाकट वस्तू पडून कशाला ठेवायची? आपल्याकडे कोणीही हेच केलं असतं, मीही केलं असतं. पण त्या फळीवर वंदू पडायची. दोन-तीन हिवाळे ती नुसती पडत होती. फोनवर मनगट दाखवायची, माकडहाड गरम पिशवीने शेकत बसायची. ‘मलेच जमत नही,’ म्हणायची. मी म्हणायची, चाळिशी उलटली, सोड आता. ती सोडत नव्हती. पण तिचा आवाज हळूहळू खाली येत गेला. झोक्यावरून पडून हसत उठणारी पोर ‘माझंच काहीतरी चुकतं’ म्हणू लागली, ते मला फार लागायचं.

गेल्या वर्षीच्या आखाजीची गोष्ट. तिला येणं जमलं नव्हतं. सकाळचं पाणी आलेलं, मी नळाला पाइप लावून उभी. मोबाइल वाजला. त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. पडद्यावर वंदू, आणि तिच्यामागे भिंतभर उभ्या केलेल्या रंगीबेरंगी फळ्या.

“अक्का व,” ती म्हणाली, “झोकावर मना कोनता पाय पुढे राहे?”

इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी डोळे मिटले. निंब दिसला, फळी दिसली, माझा डावा पाय आणि त्याच्या शेजारी समोरून आलेला तिचा मातीने माखलेला पंजा.

“उजवा,” मी म्हटलं. “आणि ओठ दातात. का व?”

“नक्की?”

“अगं, त्या पायाने कितीदा माझी बोटं चेंगरलीस!”

तिने मोबाइल बाजूला करून दुकानातल्या मुलीला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मग जे सांगितलं ते मी तिथेच, पायावर पाणी सांडत, ऐकलं. उतारावर शिकवणाऱ्या एका बाईने तिला त्या दिवशी हाताला धरून बाजूला नेलं होतं. फळी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, ही कोणाची? वंदू म्हणाली, नवऱ्याची. बाई म्हणाली, तुझं काही चुकत नाही. पुरुषाच्या पायाची रुंद फळी आहे ही. तुझी टाच आणि तुझी बोटं तिच्या काठापर्यंत पोचतच नाहीत, मग वळणार कशी? नवऱ्याच्या वजनाला वाकेल अशी ताठ आहे, तुझ्या वजनाला ती दादच देत नाही. आणि पट्टे डावा पाय पुढे ठेवून लावलेत. तुझा पुढचा पाय कोणता ते तरी कोणी पाहिलं का?

“इतला दिन मी त्यास्ना पायवर उभी होती, अक्का,” वंदू म्हणाली. “मनी चूक नही शे. फळीनी चूक शे.”

तिचे डोळे भरले होते. फळी चुकीची निघाली म्हणून एवढं रडू का यावं, हे नळाजवळ उभ्या असलेल्या मला लगेच कळलं. दुसऱ्या कोणाला कदाचित समजावून सांगावं लागलं असतं.

मग आम्ही दोघींनी मिळून फळी निवडली. एक दुकानात, एक पिंप्राळ्यात. हंगाम संपत आलेला म्हणून किमती उतरवल्या होत्या, आणि तिला तीन फळ्या पसंत पडल्या होत्या. एकीवर सुंदर निळी-जांभळी फुलं. मी म्हटलं, हीच घे, बायकांची दिसते. ती म्हणाली, फुलं काढली म्हणून बायकांची होत नाही, अक्का. कंबर बघायची. फळीला कंबर असते, मधला अरुंद भाग. आपला पाय लहान, तर कंबरही बारीक हवी. लांबी उंचीवरून नाही, वजनावरून ठरवायची. दुकानातल्या मुलीने दोन्ही टोकं धरून फळी वाकवून दाखवली. नवशिक्याला मऊ हवी, चुकलं तरी सांभाळून घेणारी. ज्यांना सुसाट जायचं असतं त्यांची ताठ. कोलांट्या मारणाऱ्यांची आखूड. ताज्या भुसभुशीत बर्फात जाणाऱ्यांची पुढून रुंद, म्हणजे नाक रुतत नाही. वंदू सगळं उत्साहाने सांगत होती आणि मी आमच्या मंडईत वांगी निवडावीत तशी ‘ती दाखव, उलटी कर’ म्हणत होते.

एक फळी जरा लांब होती, तिची किंमत सगळ्यात उतरलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, “ती घे की. पुढे शिकशील तशी कामाला येईल. वाढत्या अंगाची असावी.”

वंदू माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने असं हसायला सुरुवात केली की दुकानातली मुलगीही हसू लागली. “अक्का, एकेचाळीसनी शे मी! आते काय वाढसू?”

मलाही हसू आवरेना. आईची चार बोटं माझ्या हातात कधी येऊन बसली होती, मला पत्ताच नव्हता.

त्या मुलीने वंदूला आणखी एक विचारलं होतं, ते तिने मला नंतर सांगितलं. तुला कसं जायला आवडतं? वेगात? उड्या मारत? दाट झाडीतून? तिला कोणी असं विचारलं नव्हतं. आमच्या घरी कोणीच कोणाला विचारत नसे. काय आवडतं याच्याआधी काय आहे, हे बघितलं जायचं. मग वंदू म्हणाली, मला हळू जायचंय. मोठी मोठी वळणं घेत, इकडे तिकडे बघत. मुलगी म्हणाली, मग ही घे. मऊ, बारीक कंबरेची, साधी हिरवी फळी. कैरीच्या सालीसारखी हिरवी.

बूटही नवे घेतले. ते घालून तिने दुकानातच दोन पावलं टाकली आणि मोबाइल पायांवर धरला. “कापूस नही, अक्का,” एवढंच म्हणाली. मग दुकानातल्या माणसाने पट्टे बसवले, उजवा पाय पुढे. शेवटच्या स्क्रूचा पीळ तिने स्वतः दिला. फळी सतरंजीवर ठेवून ती तिच्यावर उभी राहिली. गुडघे वाकवले, ओठ दातात धरला.

“मना मापनी शे व,” ती म्हणाली.

इकडे टाकी भरून वाहत होती. मी नळ बंद केला नाही.

त्या वर्षी मग तिला उतारावर जायलाच मिळालं नाही. ऊन चढलं, बर्फ वितळला, डोंगरावर नेणारे पाळणे बंद झाले. फळी दिवाणखान्यात भिंतीला टेकून राहिली. आपल्याकडे उन्हाळ्यात लोक पावसाची वाट बघतात, ही बाई अख्खा उन्हाळा बर्फाची वाट बघत होती. दर फोनला म्हणायची, आता थंडी पडू दे फक्त. मी म्हणायची, तुला थंडी, आम्हाला केळीच्या बागांची काळजी. आमच्याकडे थंडी जास्त पडली की फैजपूरकडच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळतं. एकाच गोष्टीची एक बहीण वाट बघते आणि दुसरी धास्ती घेते, यावरून आम्ही भांडायचो.

दिवाळीच्या आधी मी शेव पाडत होते तेव्हा नितीनभाऊंचा फोन आला. सकाळी चहा करता करता वंदू खाली बसली होती. डोक्यातली शीर फुटली, म्हणाले. दवाखान्यात नेलं, पण तिने पुन्हा डोळे उघडले नाहीत. मी झारा कढईत तसाच धरून ऐकत होते. शेव काळी झाली. तिचा धूर अजून माझ्या नाकात आहे.

त्यानंतर पंधरवड्यातच तिकडे पहिला बर्फ पडला. रेवाने, म्हणजे वंदूच्या लेकीने, अंगणाचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं. त्या पांढऱ्या अंगणाचा मला राग आला, खरं सांगते. इतकी वाट पाहायला लावली आणि आला तो असा. माणसाच्या आयुष्यात एक वस्तू त्याच्या स्वतःच्या मापाची यावी आणि ती वापरायचा दिवस येऊ नये, याला काय म्हणायचं? देवाला हिशेब कळत नाही, असं मी त्या दिवसांत मोठ्याने म्हणायची. घरातले ऐकून घ्यायचे.

यंदाच्या आखाजीला मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. लग्न झालेल्या बाईची घागर सासरी भरतात, माहेराला तो मान नाही. वंदूच्या सासूबाईंनी लाल मातीची घागर पाटावर ठेवली होती, वर छोटं मडकं, मडक्यावर डांगर. डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज. त्याच्या वासाने घर भरून गेलेलं. “तिले आवडे म्हनीसन मोठं पाहीसन आनं,” सासूबाई म्हणाल्या. आम्ही दोघी घागरीसमोर बसून राहिलो. त्यांनी चुलीतल्या निखाऱ्यांवर मांड्याचा घास टाकला, तो करपून धूर निघाला, आणि त्या पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घागर पाझरत होती. पाटावर ओलं वर्तुळ हळूहळू मोठं होत होतं.

दुपारची परत आले. जिन्याखाली उभी राहून कड्यांकडे बघितलं आणि दोर माळ्यावरच राहू दिला.

संध्याकाळी दिवा लावते आहे तोच रेवाचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ, रविवार. ही पोर चौदा वर्षांची, गेल्या वर्षभरात ताडमाड वाढलेली. आईच्या खांद्याला लागायची ती आता आईएवढी झाली आहे. ती दिवाणखान्यात सतरंजीवर बसली होती आणि समोर ती हिरवी फळी.

“मावशी, आज आम्ही डोंगरावर जाणार आहोत. या सीझनला शेवटचं,” ती म्हणाली. तिचं मराठी नीट आहे, फक्त घाईत असली की अडखळते. “ही मला बरोबर बसते. वजन बघितलं, बूट पण बसतात. सगळं मापात आहे. पण...”

ती फळीवर उभी राहिली. उजवा पाय पुढच्या पट्ट्यात. आणि अवघडून वाकडी झाली.

“माझा पुढचा पाय डावा आहे,” ती म्हणाली.

“बापावर गेलीस,” मी म्हटलं.

मागे नितीनभाऊ हातात स्क्रू फिरवायचं हत्यार घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते म्हणाले, “अक्का, पट्टे काढून फिरवून लावावे लागतील. दहा मिनिटांचं काम आहे. पण हे तिनं लावून घेतलेले आहेत.”

“मावशी,” रेवा म्हणाली, “मी आईसारखा उजवा पाय पुढे ठेवून शिकू का? सवय झाली की जमेल ना? म्हणजे हे काढायला नको.”

मला हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. त्या पट्ट्यांच्या मधल्या अंतरात वंदू उभी होती. तिच्या दोन पायांमधली जागा, टाचेचा तिरपेपणा, तिने दिलेला शेवटचा पीळ. तिच्या अंगाचं एवढंच एक माप जगात शिल्लक होतं. साड्या तर माझ्याच नेसायची ती.

आणि मग मला फटक् फटक् आवाज आठवला. कापूस दबलेल्या बुटांचा, स्वयंपाकघरापर्यंत येणारा.

“नाही,” मी म्हटलं. “नितीनभाऊ, काढा ते.”

ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, “काढा हो. तिला तिच्या पायावर उभी राहू द्या.”

ते खाली बसले. पहिला स्क्रू फिरताना करकर वाजला, तो आवाज मला समईसमोर उभं राहून ऐकावा लागला. पट्टा निघाला. त्याच्याखाली फळीवर एक पुसट गोल वळ उमटला होता. रेवाने त्यावरून बोट फिरवलं. मग नितीनभाऊंनी पट्टे फिरवून, डावा पाय पुढे धरून, पुन्हा आवळले, आणि शेवटचा पीळ द्यायला हत्यार लेकीच्या हातात दिलं.

ती उभी राहिली. सरळ, सहज. गुडघे वाकवले, हात अंगापासून जरा लांब नेले. आणि तोल सावरताना खालचा ओठ दातात धरला. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.



“मावशी,” तिने खाली बघतच विचारलं, “पडले तर?”

“पड की,” मी म्हटलं. “पण आपल्या पायाने पड.”